काट्याआधीचा आकडा

निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत मी घरातल्यांना नकोशी झाले. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवल्यावर माणसाला समोर वर्ग लागतो, आणि वर्ग मिळाला नाही की तो घरातल्यांचाच वर्ग करतो. फोडणीत मोहरी आधी की जिरं आधी यावरून मी एका सकाळी सुनेची तोंडी परीक्षा घेतली, तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, कुठंतरी कामाला लाग बाई. आम्हाला एकदाचं पास कर आणि सोड." मला राग आला. माझा राग नाकावरच असतो. पण पंधरा दिवसांत मी सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतून रिक्षा करून सात रस्त्याजवळच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर रोज जायला लागले.

तिथं मुलांना गणित शिकवणारं एक ॲप तयार होत होतं. जिल्ह्यातल्या काही शाळांना टॅब दिले होते. मुलं त्यावर गणितं सोडवायची आणि कुठल्या मुलाला काय येतं, काय येत नाही, हे ॲप गुरुजींना सांगायचं. ऑफिसातली सगळी मंडळी माझ्या शेवटच्या तुकड्यांतल्या मुलींच्या वयाची. त्यांचा प्रमुख तिशीतला. सगळे त्याला नावाने हाक मारायचे, मी एकटी त्याला 'साहेब' म्हणायची, मुद्दाम. तो मला मॅडम म्हणायचा आणि ते मनापासून म्हणायचा, हे मला पुढं कळलं.

माझं काम घटक पाडायचं. ज्ञानघटक हा त्यांचा शब्द. एखादं गणित सोडवायला मुलाला जे जे यावं लागतं, त्याचे सुटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं आणि ढीगभर प्रश्नांपैकी प्रत्येकासमोर त्याला कुठले तुकडे लागतात ते लिहायचं. बावन्नातून सतरा वजा करायचे तर एकं-दहं कळलं पाहिजे, शेजारून दशक उसना घेता आला पाहिजे, आणि बारातून सात गेले की पाच उरतात हे पटकन आठवलं पाहिजे. झाले तीन घटक. मूल चुकलं तर या तिन्हीतल्या कशात चुकलं ते यंत्राने हुडकायचं. ते लोक त्याला मॉडेल म्हणायचे. मी यंत्रच म्हणायची.

मला हे काम फार आवडलं, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं जे हातांनी केलं ते पहिल्यांदाच डोळ्यांसमोर मांडून बघत होते. आणि घटक बरोबर पाडलाय की नाही हे तपासायची त्यांची रीतही मला पटली होती. तोच घटक मूल जितक्यांदा वापरील तितक्या त्याच्या चुका कमी व्हायला हव्यात. पडद्यावर चुकांची रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेली की घटक ठीक. रेघ उतरलीच नाही, आडवीच पडून राहिली, तर समजायचं की आपण एक म्हणून जिला नाव दिलं ती गोष्ट एक नाहीच. दोन वेगळे जिन्नस आपण एका पिशवीत भरलेत.

माझी यादी मात्र वाढत चालली. दिसेल त्याचे तुकडे करायची मला चटक लागली होती. शेवटी साहेब म्हणाला, मॅडम, सहावीचे घटक चाळीसच्या आत आणा, नाहीतर प्रत्येकाला पुरेसे प्रश्नच मिळायचे नाहीत. एका दुपारी आम्ही दोघं कापाकापीला बसलो. अपूर्णांकाच्या गुणाकारापाशी आल्यावर त्याने पेन्सिल थांबवली. "मॅडम, पाव, अर्धा, पाऊण हे एकीकडं आणि बाकीचे अपूर्णांक एकीकडं, असं ठेवायचं का? की एकच धरायचं?"

"एकच," मी म्हटलं. "तीन चतुर्थांश काय आणि तीन पंचमांश काय, रीत तीच. छेदाने भागायचं, अंशाने गुणायचं."

"नाही, मुलांना पाऊण रोजच्या बोलण्यातला असतो ना, म्हणून विचारलं."

"तीस वर्षं शिकवलंय मी हे," मी म्हटलं. त्याने दोन ओळींची एक ओळ केली.

हे मी इतक्या खुलाशाने का सांगते आहे, तर पुढं जे झालं ते त्या एका ओळीमुळे झालं. त्याने विचारलं होतं. मी त्याला बोलू दिलं नाही. माझ्या लहानपणी आम्हाला पावकी, निमकी, पाउणकी असे पाढेच पाठ करायला लावत. चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा, संध्याकाळी ओट्यावर बसून हेल काढत म्हणायचे. अपूर्णांक म्हणजे काय हे कळायच्या कितीतरी आधी ते तोंडात बसले होते. त्यामुळे ते आपल्याला वेगळं काही येतंय, हेच मी विसरून गेले होते. आपल्याला जे सहज येतं त्याचे तुकडे आपल्याला दिसत नाहीत, आणि मला तर तुकडे बघण्यासाठीच बसवलं होतं.

दोन महिन्यांनी सहावीच्या आलेखांत बाकी सगळ्या रेघा उतरल्या, माझी ही एक उतरली नाही. आडवी, शेतातल्या बांधासारखी. साहेब म्हणाला, पोरं कच्ची असतील. मी मान डोलावली, पण घरी जाऊन जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मी एकेका मुलाची उत्तरं उघडून वाचायला लागले. यादीत मुलांना नावं नव्हती, क्रमांक होते. बार्शीकडच्या एका गावातल्या शाळेच्या एका क्रमांकापाशी मी थबकले.

पाव, अर्धा, पाऊण आला की त्या क्रमांकाचं उत्तर बरोबर, तेही दोन-तीन सेकंदांत. पाचवा, सहावा, सातवा भाग आला की निम्मी बरोबर, निम्मी चूक. पण त्या चुका मी कधी पाहिल्या नव्हत्या. ज्या मुलाला हे येत नाही ते काय लिहितं, मला पाठ आहे. पंधराचे तीन पंचमांश विचारले तर पंचेचाळीस लिहितं, पाच लिहितं, पंचाहत्तर लिहितं. या क्रमांकाने अठराचे पाच षष्ठांश चौदा लिहिले होते. बरोबर उत्तर पंधरा. पस्तीसचे चार पंचमांश सत्तावीस. बरोबर उत्तर अठ्ठावीस. चुकायचं तेही एका पावलाने. रीत चुकलेलं मूल इतक्या जवळ येऊन पडत नाही.

यंत्राने काय केलं होतं, तर त्या क्रमांकाला पिवळा रंग दिला होता. हिरवा म्हणजे येतं, लाल म्हणजे येत नाही, पिवळा म्हणजे उत्तरं बरोबर आली तरी ती अंदाजाने आलेली दिसतात. एकाच घटकात कधी झटकन बरोबर, कधी चूक, पुन्हा बरोबर, पुन्हा चूक. यंत्राने दुसरं काय समजावं? त्याला मी सांगितलं होतं की ही एकच गोष्ट आहे.

मी शाळेला फोन केला. सहावीचे सर बोलले. क्रमांक सांगितल्यावर ते हसलेच. "ती पोरगी होय मॅडम? चलाख आहे. बघून लिहिते. तुमच्या ॲपनंच पकडली की. आता तिला माझ्या टेबलाजवळ एकटी बसवतो."

सर पुढं सांगत होते. जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत सातवीपासून दहावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट होतं, आणि तिच्या प्रवेश परीक्षेला प्रत्येक शाळेने पाचच मुलं पाठवायची होती. गावात तंटा नको म्हणून सरांनी ठरवलं होतं की ॲपमध्ये जी पाच वर येतील तीच पाच. पिवळा रंग आल्यापासून ही मुलगी नवव्या नंबरावर गेली होती. यादी पंधरवड्याने पाठवायची होती. त्यांच्या गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढं मुली एसटीने बार्शीला जातात किंवा घरी बसतात.

"ती मुलगी बघून लिहीत नाही," मी म्हटलं.

"तसा रिपोर्ट द्या की मग, मॅडम," सर म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

साहेबाला सांगितलं तेव्हा त्याने एका शब्दाने मागची आठवण काढली नाही. जाऊन बघा म्हणाला. फक्त एक अट घातली. बघायला जाताय, शिकवायला नाही. एकीला बाहेरून शिकवलं तर तिच्या उत्तरांवरून घटक बरोबर पाडलाय की नाही हे कळणार नाही, सगळ्या वर्गाचा आलेख बिघडेल. मी कबूल केलं. जन्मात कुणाची अट निमूटपणे ऐकली नाही, ती नेमकी ही ऐकली.

बार्शीला एसटी बदलून मी त्या गावात पोचले तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती. सरांनी तिला व्हरांड्यात माझ्यापुढं आणून उभं केलं. दोन वेण्यांना दोन रंगांच्या रिबिनी, एक हरवली असणार. हात पाठीमागे घट्ट बांधलेले. सर आत गेले, पण दारातून दिसतील असे बसले.

"सोळाचा पाऊण किती?" मी विचारलं.

"बारा." माझं वाक्य अजून संपायचं होतं.

"पंधराचे तीन पंचमांश?"

तिने वर पत्र्याकडं बघितलं. ओठ हलले. "नऊ."

"कसं काढलंस?"

तिची नजर लगेच दाराकडं गेली. "बगून न्हाय लिवलं, बाई."

"मला माहीत आहे. कसं काढलंस तेवढंच सांग."

तिचे पाठीमागचे हात पुढं आले. "पाच वाट्यांतलं तीन म्हंजी निम्म्याच्या वर की. पंद्राचं निम्मं साडेसात. आन पाऊण सव्वाअकरा. मंग ह्येच्या मदीच कुटंतरी आलं. पर निम्म्याच्या जवळ लई. म्हून नऊ."

"आठ का नाही?"

"आठ तर निम्म्याला चिकटूनच हाय."

"एकवीसचे दोन सप्तमांश?"

"आठ वाट्यांतलं दोन म्हंजी पाव," ती म्हणाली. "हितं सातच वाटे केलेत, मंग एकेक वाटा जरा मोटा व्हतो की. एकवीसचा पाव सव्वापाच. त्येच्या जरा वर. सा."

"आणि अठराचे पाच षष्ठांश?"

"पाऊणाच्या वर. साडेतेराच्या वर." ती घुटमळली. "चौदा. न्हायतर पंद्रा. त्ये कळत न्हाय बाई. तितंच चुकतं माजं."

मी तीस वर्षांत शेकड्यांनी मुलींना छेदाने भागायला आणि अंशाने गुणायला शिकवलं. त्या भराभर उत्तरं काढत आणि पंधराचे तीन पंचमांश पंचाहत्तर आले तरी खाली दोन रेघा मारून वही पुढं करत. पंधरातला काही भाग पंधराहून मोठा कसा असेल, हे त्यांच्या मनात येत नसे. आणि इथं ही मुलगी, जिला रीत कुणी नीट शिकवलेली नव्हती, ती उत्तर कुठं असायला हवं हे आधी ठरवून मग त्याला हुडकायला जात होती. माझ्या चाळीस घटकांत हे कुठंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिच्या खांद्यावर थापच मारली. ती दचकली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुनी न्हाय." मग आठवून म्हणाली, "आमचे आण्णा बार्शीत आडतीवर तोलार हायेत. धान्य तोलतात. पोतं काट्यावर टाकायच्या आदी मला इचारतात, सांग किती. म्या सांगायचं, मंग काटा बगायचा. चुकलं की लई हसतात."

पावकी, पाउणकीही त्यांनीच तिला शिकवली होती. त्यांना त्यांच्या वडलांनी.

तिला फक्त एक गोष्ट येत नव्हती. पंधराचे आधी पाच वाटे करायचे, एक वाटा तिनाचा, असे तीन घेतले की नऊ. जी मुलगी वाटा लहान-मोठा कसा होतो हे सांगत होती तिला हे दहा मिनिटांत आलं असतं. दहाही नाही. माझ्या पर्समध्ये पेन होतं, कागद होता. आणि मी, जिने सुनेला फोडणी शिकवायचं सोडलं नाही, ती तिथं शब्द दिला म्हणून गप्प बसले. आलेख बिघडू नये म्हणून.

बरं, नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण उठताना मला वाटलं, निदान पिवळा रंग तरी काढायला हवा. वर्गापुढं चोर ठरवलेली मुलगी आहे. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "पुढच्या आठवड्यात टॅबवर नवीन गणितं येतील. जे नक्की येतं तेवढंच लिही. जिथं नक्की येत नाही तिथं मोकळं सोड. अंदाजाने लिहायचं नाही. मग तुझ्यावर कुणी संशय घेणार नाही."

"व्हय बाई," ती म्हणाली.

परत येताना एसटीत मी स्वतःवर खूश होते. माझ्या पाडलेल्या घटकाची चूक सापडली होती, ती दुरुस्त करायची रीत माहीत होती, आणि पाच मुलांत तिच्यासाठी एक जागा मोकळी करायची एवढंच राहिलं होतं, असं मला वाटत होतं.

ऑफिसात मी आल्या आल्या कबूल केलं, "साहेब, तुम्ही म्हणत होता तेच खरं. दोन ओळी करा." त्याने केल्या. पाव-अर्धा-पाऊण एक घटक, इतर अपूर्णांक दुसरा. मग मी तिसरी ओळ मागितली. उत्तर साधारण कुठं असेल याचा अदमास. त्याने खुर्ची वळवली आणि मन लावून ऐकलं. पंधरा, वाटे, निम्मं, पाऊण, सगळं. ऐकून म्हणाला, "मॅडम, हे भारी आहे. पण हा घटक मोजणारा एकही प्रश्न आपल्याकडं नाही. प्रत्येक प्रश्नात आपण शेवटचं उत्तरच विचारतो."

"मग प्रश्न मी लिहिते. उत्तर नको, कशाच्या आणि कशाच्या मध्ये आहे तेवढं सांगा, असे."

"लिहा ना. पण ते सगळ्या शाळांत चालवून बघायला पुढचं वर्ष उजाडेल."

पुढचं वर्ष उजाडेल ते उजाडेल. तिची यादी सात दिवसांत जाणार होती. मी म्हटलं, निदान दोन ओळी झाल्या, पिवळं जाईल. पहिल्यात ती हिरवी होईलच. दुसऱ्यात तिची निम्मी उत्तरं बरोबर येतात, नवीन गणितांत थोडी जास्त आली तर वर सरकेल.

नवीन गणितं सोमवारी गेली. बुधवारी साहेबाने मला हाक मारली. पडद्यावर दोन रेघा होत्या. दोन्ही उतरत होत्या, एक भरकन, एक सावकाश. इतक्या नीट उतरणाऱ्या रेघा त्या यादीत दुसऱ्या नव्हत्या. "मॅडम, किती स्वच्छ आलंय बघा," तो म्हणाला. "तुम्ही गेलात म्हणून."

मी तिचा क्रमांक काढायला सांगितला. पाव-अर्धा-पाऊणची सगळी बरोबर, हिरवा रंग. पाचवा, सहावा, सातवा भाग जिथं जिथं होता तिथं काही नव्हतं. एकही आकडा नाही. मोकळं, मोकळं, मोकळं. चौदासुद्धा नाही, सत्तावीससुद्धा नाही. तिच्याबद्दल आता यंत्राला कसलाही संशय उरला नव्हता. दुसऱ्या घटकाला लाल रंग, ठळक.

पिवळा गेला होता. आणि ती नवव्या नंबरावरून चौदाव्यावर गेली होती.

मला तिथं बसवेना. मी साहेबाला म्हटलं, हाताने बदला. त्याने माझ्याकडं बघितलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "एकीचा रंग मी हाताने बदलला तर बाकीच्या मुलांना काय सांगू, मॅडम?" त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. सगळं ऑफिस ऐकत होतं. मग सरांना फोन केला, आणि ती मुलगी वर्गातल्या कुणाहून कमी नाही, हे माझं मत आहे, असं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, आधी रिपोर्ट पिवळा होता, तुम्ही म्हणालात ॲप चुकलं. आता ॲप दुरुस्त करून तुम्हीच लाल पाठवलाय. मी गावाला काय सांगू?" यादी शनिवारी गेली. पाच मुलं, त्यात ती नाही.

पुढचे काही आठवडे मी घरात कुणाला काही शिकवलं नाही. सून दोनदा विचारून गेली, बरं वाटत नाही का. काय सांगणार? की मला पिवळा रंग सहन झाला नाही, म्हणून मी एका मुलीला विचार करायची मनाई करून आले? अंदाज हा शब्द आम्ही मास्तर लोक कसा उच्चारतो ते आठवून पाहिलं. तोंड वाकडं करून. वर्गात कुणी हात वर न करता उत्तर फेकलं की मी म्हणायची, अंदाजपंचे बोलू नकोस, मांडून दाखव. हजारदा म्हटलं असेल. तिला सांगताना मी वेगळं काही बोललेच नव्हते. सवयीने बोलले होते.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली. सरांना फोन केला तर म्हणाले, ती दुपारी वडलांचा डबा घेऊन बार्शीला आडतीवर जाते. मी निघाले. या वेळी साहेबाला विचारलं नाही.

आडतीत ज्वारीची पोती छतापर्यंत लागली होती. तिचे वडील उंच, खांद्यावर धान्याची धूळ, कानाला खडू. मी कोण ते कळल्यावर त्यांनी एक पोतं झटकून पुढं केलं. "बसा की बाई हितं. पोरगी सांगत व्हती तुमचं. सोलापूरच्या बाई आल्या त्या, म्हनली, मला खोटी न्हाय म्हनल्या." त्यांनी मला हात जोडले. मला ते हात बघवेनात.

मी त्यांच्या कानावरचा खडू मागून घेतला आणि शहाबादी फरशीवर तिला शिकवायला बसले. पंधराचे पाच वाटे, त्यातले तीन. तिने एकदा बघितलं. दुसऱ्यांदा खडू माझ्या हातातून घेतला. अठराचे पाच षष्ठांश, पंधरा. पस्तीसचे चार पंचमांश, अठ्ठावीस. चेहऱ्यावर काही नाही, फक्त खडू भराभर चालत होता. मी घड्याळ बघितलं नाही, पण दहा मिनिटं लागली नसतील. शेवटची दोन तर मी विचारायच्या आधीच तिने स्वतः मांडून सोडवली. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. यादी गेली तर गेली, म्हटलं, ही आता कुठंही पास होईल.

तेवढ्यात तिच्या वडलांनी एक अर्धवट भरलेलं पोतं उचललं. तोंड मोकळंच होतं, आतली ज्वारी दिसत होती. काट्याशी येऊन ते थांबले, पोतं तसंच छातीशी धरून, आणि तिच्याकडं बघितलं.

"सांग की, किती?"

ती उठून उभी राहिली. पोत्याकडं तिने बघितलंच नाही. काट्याच्या डबीतल्या लाल शून्याकडं बघत राहिली. वडील वजन हातावर घेऊन तसेच उभे. मग नाइलाजाने त्यांनी पोतं काट्यावर ठेवलं. आकडे धावले, थांबले.

"सदतीस किलो," तिने वाचून दाखवलं.

"त्ये मला बी दिसतंय की," ते हसत म्हणाले, पण माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "महिना झाला बाई, असंच करती. आदी बोलतच न्हाय. पयलं तर म्या पोतं उचलायच्या आत सांगायची."

मी तिच्यापाशी गेले. "का गं बाळ? सांग ना आण्णांना. चुकलं तर चुकलं."

तिने हातातला खडू फरशीवर नीट ठेवला आणि हात पाठीमागे बांधले.

"अंदाजानं बोलायचं न्हाय," ती म्हणाली. "तुमीच सांगितलंत की, बाई."